अवधान, व्यवधान आणि अनुसंधान : दीर्घोद्योगाच्या नेतृत्वाविषयी काही विचार

१

काम करणाऱ्याने आपल्या कामात चित्त एकाग्र करावे, हा उपदेश जुना आहे आणि तो सर्वांना मान्यही आहे. परंतु ज्या कामात दहा-वीस माणसे गुंतलेली असतात आणि जे एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांत संपण्यासारखे नसते, अशा कामाच्या प्रमुखाने चित्त एकाग्र करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, याचा विचार क्वचितच झालेला आढळतो. व्यापारी पेढी असो, छापखाना असो की संशोधनसंस्था असो, प्रमुख एकाग्र असला म्हणजे त्याच्या हाताखालचे कामही आपोआप एकाग्र होते असे नाही. स्वतः रात्रंदिवस राबणाऱ्या प्रमुखाचे काम चारी दिशांना पांगलेले, आणि वरवर निवांत दिसणाऱ्या दुसऱ्याचे काम ठरलेल्या वाटेने पुढे सरकत असलेले, असे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. हा फरक कशाने पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी मुख्यतः दोन उद्योगांचा आधार घेतला आहे. दोन्ही पुण्यात वाढले, दोन्ही जवळजवळ एकाच काळी सुरू झाले, आणि दोन्ही पुरे झाले. एक भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती, आणि दुसरा डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्यामुळे आरंभ शब्दांपासून करणे त्यास सोयीचे वाटते. मराठीत ‘लक्ष’ या नामाची जी क्रियापदे होतात, त्यांची वाक्यरचना पाहण्याजोगी आहे. ‘मी अभ्यासाकडे लक्ष देतो’ या वाक्यात देणारा मी आहे; कर्तृत्व माझ्याकडे आहे. ‘माझे लक्ष लागत नाही’ या वाक्यात मात्र कर्ता ‘लक्ष’ हा आहे आणि मी षष्ठीत जाऊन नुसता त्याचा धनी उरलो आहे. पहिल्यात हेतू आहे, दुसऱ्यात घटना आहे. तिसरी रचना ‘लक्ष ठेवणे’ ही. येथे लक्ष एकदा एखाद्या ठिकाणी ठेवावयाचे आणि ते तेथे राहील अशी तजवीज करावयाची, असा अर्थ निघतो. शेतावर लक्ष ठेवणारा माणूस प्रत्येक ताटाकडे पाहत नसतो. पण बांध कोठे आहे आणि गुरे कोठून शिरतात, हे त्यास ठाऊक असते. प्रमुखाचे लक्ष हे या तिसऱ्या जातीचे असावे लागते.

संस्कृतातून आलेले तीन शब्द याहून अधिक उपयोगी पडतात. ‘अवधान’ हा शब्द ‘अव’ हा उपसर्ग आणि ‘धा’, म्हणजे ठेवणे, हा धातू यांपासून झाला आहे. चित्त एका जागी ठेवणे म्हणजे अवधान. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांपाशी मागितले आहे, ते हेच. या अवधानालाच ‘वि’ हा उपसर्ग लागला की ‘व्यवधान’ होते : दोन गोष्टींच्या मध्ये ठेवलेली तिसरी गोष्ट, आडपडदा, अंतर. आणि ‘अनुसंधान’ म्हणजे मागाहून पुन्हा जोडून घेणे. ‘बोलण्याचे अनुसंधान तुटले’ असे आपण म्हणतो, नामस्मरणाच्या संदर्भातही हा शब्द येतो, आणि हिंदीत तर तो ‘संशोधन’ या अर्थीच रूढ झाला आहे. व्युत्पत्तीमधून तत्त्वज्ञान काढू नये, हे आम्हीच विद्यार्थ्यांना शिकवीत असतो. तरीही या शब्दांतील एक गोष्ट सुचविण्यासारखी आहे. व्यवधान हे अवधानाच्याच घटकांनी बनलेले आहे. दीर्घ कामात आड येते ते बहुधा आळसामुळे येत नाही. ज्याकडे लक्ष द्यावे असे खरोखर वाटते, तेच मध्ये येते. निरर्थक गोष्टींना नकार देणे सोपे असते. कठीण जाते ते चांगल्या गोष्टींना नकार देणे.

२

विद्यार्थिदशेत प्रस्तुत लेखकाने एका बोलीपाहणीत क्षेत्रसाहाय्यक म्हणून काम केले. ज्या संस्थेने ती पाहणी योजिली होती तिच्या नावाचे येथे प्रयोजन नाही. प्रमुख विद्वान होते, प्रामाणिक होते, आणि आमच्यापेक्षा अधिक कष्ट घेत होते. आरंभीची प्रश्नावली सुमारे दोनशे शब्दांची होती. पहिल्या महिन्यातच एका पाहुण्या विद्वानांनी नातेवाचक शब्दांची भर सुचविली. ती योग्यच होती. नंतर शेतीच्या अवजारांची यादी आली, मग म्हणी आल्या, मग लग्नातील गाणी आली. यांतील एकही सूचना टाकाऊ नव्हती. परंतु प्रत्येक वाढीनंतर आधी पाहिलेल्या गावांना पुन्हा जाणे प्राप्त होई, कारण पूर्वीच्या नोंदी नव्या प्रश्नावलीशी ताडून पाहता येत नसत. दोन वर्षांनी अनुदान संपले, तेव्हा एकाही तालुक्याचे काम पूर्ण झालेले नव्हते. ध्वनिफिती एका कपाटात गेल्या. ज्या वृद्धांनी घरची कामे बाजूला ठेवून आम्हांला तासन् तास सांगितले, त्यांतील बहुतेक आज हयात नाहीत.

या अपयशाचे कारण पुढे सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषापाहणीचा अभ्यास करताना उमगले. १८९४ साली सुरू झालेल्या त्या पाहणीत सामग्री गोळा करणारे बहुतेक लोक भाषाशास्त्रज्ञ नव्हते. ते जिल्ह्यांतील अधिकारी आणि त्यांचे मदतनीस होते. प्रत्येक बोलीसाठी तीनच गोष्टी मागावयाच्या असे ठरले : उधळ्या पुत्राच्या बायबलमधील दृष्टान्ताचे भाषांतर, स्थानिक लोकांच्या तोंडचे एखादे स्वतंत्र निवेदन, आणि २४१ शब्दांची व वाक्यांची एक ठरीव यादी. १९०३ ते १९२८ या काळात तिचे खंड प्रसिद्ध झाले, आणि त्यांत १७९ भाषा व ५४४ बोलींची नोंद झाली. या पद्धतीचे दोष आज कोणीही दाखवू शकेल. मद्रास इलाखा, म्हैसूर आणि हैद्राबाद संस्थान हे प्रदेश पाहणीच्या कक्षेबाहेर राहिले. मराठवाडा तेव्हा हैद्राबाद संस्थानात होता हे ध्यानी घेतले, म्हणजे या मर्यादेची किंमत मराठीच्या अभ्यासकास चांगलीच कळते. परंतु मर्यादा घातली होती म्हणून पाहणी झाली, आणि पाहणी झाली म्हणून तिचे दोष दाखविता येतात. आमच्या कपाटातील फितींचे दोषही कोणास दाखविता येणार नाहीत.

३

महाभारताची चिकित्सक आवृत्ती निघावी, ही मागणी प्रथम युरोपात झाली. १८९७ साली पॅरिस येथील प्राच्यविद्या परिषदेत विंटरनित्स यांनी ती मांडली. हाइन्‍रिश ल्यूडर्स यांनी १९०८ साली एक नमुनाही छापून दाखविला. पहिल्या महायुद्धात ती योजना बारगळली. १ एप्रिल १९१९ रोजी पुण्यास सर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते या कामाचा आरंभ झाला, आणि औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. १९२३ साली ना. बा. उत्गीकर यांनी विराटपर्वाची एक प्रायोगिक आवृत्ती काढून ती विद्वानांच्या अभिप्रायासाठी पाठविली. उत्साह होता, पैसा होता, पोथ्या येत होत्या. पण अंतिम पद्धत अद्याप ठरावयाची होती.

१९२५ साली डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी सूत्रे हाती घेतली. केंब्रिजला गणित शिकलेले आणि बर्लिनला ल्यूडर्स यांच्यापाशी संस्कृताचे अध्ययन केलेले हे गृहस्थ. त्यांनी प्रथम केले ते उद्दिष्टाचे आकुंचन. व्यासांनी रचलेले मूळ महाभारत शोधून काढणे हे आपले काम नव्हे; उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येते तेथवरचे प्राचीनतम रूप देणे, एवढेच आपले काम, असे त्यांनी ठरविले. हे वाक्य वाचण्यास सोपे आहे. परंतु त्याचे परिणाम फार दूरवर पोहोचतात. महाभारताचा काळ कोणता, युद्ध खरोखर झाले की नाही, मूळ कथा किती लहान होती, हे सर्व प्रश्न त्या एका वाक्याने कार्यालयाच्या दाराबाहेर गेले. ते क्षुद्र होते म्हणून बाहेर गेले नाहीत. त्यांवर भांडता भांडता एखाद्या विद्वानाचा जन्म सरेल एवढे ते मोठे होते.

उद्दिष्ट ठरले, तरी ते रोजच्या कामात उतरले पाहिजे. त्यासाठी पाठ ताडून पाहण्याची जी पद्धत वापरली गेली, ती पाहण्यासारखी आहे. आडव्या-उभ्या रेघा आखलेल्या ठरीव आकाराच्या कागदावर वरच्या ओळीत प्रचलित पाठाचा श्लोक एकेका चौकोनात एकेक अक्षर असा लिहावयाचा. त्याखाली प्रत्येक पोथीला एक ओळ. पोथीत जेथे भेद असेल तेथे त्याच अक्षराच्या चौकोनाखाली तो नोंदवावयाचा. उजवीकडे शेऱ्यांसाठी आणि जादा श्लोकांसाठी राखलेली जागा. एखाद्या पोथीत फार लांबलचक भर असली तर ती वेगळ्या कागदावर उतरून जोडावयाची; या कागदांना ‘शोधपत्रे’ म्हणत. संपूर्ण ग्रंथासाठी किमान दहा पोथ्या ताडून पाहावयाच्या, हा दंडक होता. बऱ्याच भागांसाठी त्या वीस, काहींसाठी तीस-चाळीस झाल्या, आणि आदिपर्वाच्या पहिल्या दोन अध्यायांसाठी साठ. पुण्याप्रमाणेच शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही हे काम चाले. काश्मीरच्या शारदा लिपीतील पोथी वाचणारा एक, आणि केरळातील मल्याळम पोथी वाचणारा दुसरा. दोघे एकमेकांना कधी भेटलेही नसतील, पण दोघांच्या नोंदी एकाच जातीच्या चौकोनांत पडत. प्रमुखाचे अवधान असे कागदावर आखून ठेवलेले होते. सुखटणकर त्या दिवशी दुसऱ्या खोलीत असोत की दुसऱ्या गावी असोत, तंजावरच्या पंडिताला पुढे काय करावयाचे हे विचारण्याची पाळी येत नसे.

व्यवधानांचा बंदोबस्तही असाच पद्धतीतच केलेला होता. त्यांपैकी दोन युक्त्या विशेष सांगण्याजोग्या आहेत. पहिली, शंकेची. जेथे स्वीकारलेला पाठ पूर्णपणे निश्चित नाही, तेथे त्याखाली नागमोडी रेघ द्यावयाची. शंका आहे हे वाचकाला सांगावयाचे आणि पुढच्या श्लोकाकडे वळावयाचे. ही रेघ नसती तर दोनच मार्ग होते : खोटा निश्चय दाखविणे, किंवा निश्चय होईपर्यंत तेथेच बसून राहणे. पहिल्याने काम अप्रामाणिक झाले असते, दुसऱ्याने ते झालेच नसते. दुसरी युक्ती, वगळलेल्या मजकुराची. जे श्लोक संहितेत घेतले नाहीत ते फेकून दिले नाहीत. लहान असतील तर तळटीपेत, मोठे असतील तर परिशिष्टात, असे सर्व छापले. गणपती व्यासांचा लेखक झाला ही घरोघर ठाऊक असलेली कथा अशीच परिशिष्टात गेली. श्रद्धाळू वाचकाला ते रुचले नसेल. पण कथा नाहीशी केली, असे त्याला म्हणता येत नव्हते. नकार देताना नाकारलेल्या गोष्टीला योग्य जागा नेमून दिली, म्हणजे नकारावरचा अर्धा वाद मिटतो.

बाहेरून सल्लेही आले, आणि ते सामान्य माणसांकडून आलेले नव्हते. फ्रेंच पंडित सिल्व्हँ लेव्ही यांनी असे सुचविले की, संहिता नव्याने सिद्ध करण्याच्या भरीस न पडता नीलकंठाचा प्रचलित पाठच छापावा आणि खाली सर्व पाठभेद द्यावेत. सूचना मोहात पाडणारी होती. तिने वर्षे वाचली असती. १९३३ साली आदिपर्वाचा खंड पुरा झाला, तेव्हा त्याच्या विस्तृत प्रस्तावनेत सुखटणकरांनी तिचे सविस्तर उत्तर दिले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्यांनी सूचनेकडे दुर्लक्ष केले नाही आणि तिच्यामुळे कामाची दिशाही बदलली नाही. तिला विचार करून, लेखी आणि एकदाच उत्तर दिले. प्रत्येक आक्षेपासाठी दर वेळी नव्याने मन चाळविणे आणि एकदा विचारपूर्वक ठरविलेले कारण नोंदवून ठेवणे, यांत पुष्कळ अंतर आहे.

सर्व पर्वे आपणच संपादावीत, असा हट्टही त्यांनी धरला नाही. आदिपर्व आणि आरण्यकपर्व त्यांनी स्वतः केली, विराटपर्व डॉ. रघुवीर यांना, उद्योगपर्व सुशीलकुमार दे यांना, आणि सभापर्व अमेरिकेतील फ्रँक्लिन एजर्टन यांना दिले. पर्वांचा क्रम सोडून विराटपर्व १९३६ साली आणि उद्योगपर्व १९४० साली बाहेर पडले. नियम एकच असल्यामुळे क्रम सोडता आला आणि माणसे वेगळी ठेवता आली.

२१ जानेवारी १९४३ रोजी सुखटणकर वारले. त्या वेळी निम्म्याहून अधिक काम शिल्लक होते. एखाद्या प्रमुखाची उद्दिष्टनिष्ठा केवळ त्याच्या अंगची होती की कामाच्या अंगी उतरली होती, याची परीक्षा अशाच दिवशी होते. डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनी काम हाती घेतले आणि १९६१ पर्यंत चालविले, त्यानंतर डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते शेवटास नेले. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन् यांच्या हस्ते पूर्ततेचा समारंभ झाला. सत्तेचाळीस वर्षे, एकोणीस ग्रंथ, आणि ताडून पाहिलेल्या १२५९ पोथ्या. या सत्तेचाळीस वर्षांत एक महायुद्ध झाले, एक राज्य गेले, तीन प्रधान संपादक झाले. अवधान कितीदा तुटले असेल त्याची गणती नाही. अनुसंधान मात्र तुटले नाही.

४

यावर कोणी असे म्हणेल की, संशोधनसंस्थेला काळाचे बंधन नसते. ज्याला भांडवल फेडावयाचे आहे आणि गिऱ्हाईक सांभाळावयाचे आहे, त्याला ही चैन परवडत नाही. हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच केतकरांच्या उद्योगाकडे वळले पाहिजे.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेल्या केतकरांनी मराठी ज्ञानकोशासाठी कोणा संस्थानिकाची किंवा सरकारची वाट पाहिली नाही. १९१५-१६ च्या सुमारास त्यांनी नागपुरास मर्यादित जबाबदारीची मंडळी काढली. भागधारक मिळविले, वर्गणीदार मिळविले, आणि पुढे बिऱ्हाड पुण्यास हलविले. म्हणजे हा विद्येचा व्यापार होता, आणि ते म्हणण्यात त्यांना संकोच नव्हता. १९२० ते १९२९ या काळात तेवीस खंड बाहेर पडले.

येथे सुखटणकरांच्या उलट परिस्थिती दिसते. महाभारताच्या संपादकांनी अचूकपणा सोडावयाचा नाही असे ठरविले आणि त्यापायी काळ सोडला. केतकरांना काळ सोडता येत नव्हता. वर्गणीदाराच्या हाती खंड पडला नाही तर पुढची वर्गणी येत नाही, आणि वर्गणी आली नाही तर पुढचा खंड निघत नाही. म्हणून त्यांनी पूर्णतेचा कळस सोडला. ज्ञानकोशातील लेख सारख्या गुणवत्तेचे नाहीत. काही ठिकाणी घाई दिसते, काही ठिकाणी विषयाला मिळालेली जागा त्याच्या महत्त्वाच्या मानाने कमीअधिक वाटते. हे दोष केतकरांना दिसत नव्हते, असे मानण्याचे कारण नाही. काळ, व्याप्ती आणि अचूकपणा या तिन्ही गोष्टी कोणत्याही मोठ्या कामात एकाच वेळी सर्वोच्च राखता येत नाहीत. कोणती गोष्ट शेवटपर्यंत सोडावयाची नाही, हे आधी ठरविणे हे प्रमुखाचे पहिले कर्तव्य आहे. आणि तदर्थ कोणती सोडावी लागेल, हे स्वतःशी व इतरांशी कबूल करणे हे दुसरे.

केतकरांची बुद्धी एका विषयावर स्थिरावणारी नव्हती. समाजशास्त्र, इतिहास, राजकारण, कादंबरी, अशा सर्व क्षेत्रांत ती फिरली. अशा बुद्धीच्या माणसाने ज्ञानकोश पुरा करावा याचे नवल वाटते. त्याचे थोडे उत्तर कोशाच्या रचनेतच सापडते. पहिले पाच खंड हे प्रस्तावनाखंड होत : ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ आणि ‘विज्ञानेतिहास’. ‘अ’ अक्षराचा आरंभ सहाव्या खंडात होतो. वर्गणीदाराला हे विचित्र वाटले असेल. पण असे दिसते की, आपल्या व्यापक सिद्धान्तांना केतकरांनी येथे एक ऐसपैस दालन बांधून दिले आणि मग त्याचे दार लावून घेतले. त्यापुढे अकारविल्हे क्रम सुरू झाला, आणि त्या क्रमासारखा कठोर शास्ता दुसरा नाही. ‘क’ संपल्याशिवाय ‘ख’ येत नाही, आणि संपादकाला ‘म’ कितीही प्रिय असला तरी त्याला आपल्या पाळीची वाट पाहावी लागते. आपले मन कोठे भरकटते हे ज्याला ठाऊक आहे, त्याने मनाशी झुंजत बसण्यापेक्षा त्याला ठरावीक जागा द्यावी आणि बाकीचे काम एखाद्या यांत्रिक क्रमाच्या स्वाधीन करावे, हा यातला बोध आहे.

या उद्योगाने केतकर श्रीमंत झाले नाहीत. उत्तरायुष्यात त्यांना आर्थिक विवंचनाच सोसावी लागली, आणि १९३७ साली ते वारले. ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात त्यांनी ज्ञानकोशमंडळाची हकीकत स्वतःच लिहून ठेवली आहे. व्यापार म्हणून या उद्योगाचे मोजमाप कोणी काहीही करो. त्याचे एक फळ मात्र ताळेबंदात धरले जात नाही. ज्ञानकोशाच्या कार्यालयात काम केलेले यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोश हाती घेतला, आणि १९३२ ते १९३८ या अवघ्या सहा-सात वर्षांत त्याचे सात विभाग काढले. मराठीचा अभ्यास करणारा कोणीही आज त्या कोशावाचून पाऊल टाकू शकत नाही. मोठे काम ठरलेल्या मुदतीत कसे संपवावयाचे असते, हे ही माणसे ज्ञानकोशात शिकली होती. भांडारकर मंदिरात अनुसंधान कामाच्या नियमांतून चालत आले. येथे ते माणसांच्या सवयीतून चालत आले.

५

या दोन उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा. दीर्घोद्योगात एकाग्रता हा प्रमुखाच्या स्वभावाचा गुण असून भागत नाही. ती कामाच्या रचनेत उतरावी लागते. तिचा आरंभ मर्यादा घालण्याने होतो. ती मर्यादा लेखी असावी, नुकताच रुजू झालेल्या साहाय्यकालाही ती समजावी, आणि रोज हाताळावयाच्या कागदात ती दिसावी. शंकेला आणि नाकारलेल्या गोष्टींना नेमलेली जागा असावी, म्हणजे त्या वाट अडवीत नाहीत. आणि उद्या आपण नसलो तर दुसऱ्याला काम कोठून उचलावयाचे हे कळेल, अशी तरतूद पहिल्या दिवसापासून असावी.

मर्यादेचा अतिरेक होऊ शकतो, हेही सांगितले पाहिजे. घातलेली सीमा चुकीची आहे असे पुराव्यानेच दिसू लागले, तर ती न बदलणे याला निष्ठा म्हणता येणार नाही. भांडारकर मंदिराने विराटपर्वाचा प्रयोग आधी केला, मते मागविली, आणि त्यानंतर पद्धत पक्की केली, हे विसरता कामा नये. फेरविचाराचा काळ वेगळा आणि कामाचा काळ वेगळा, एवढा विवेक ठेवला म्हणजे पुरे. आमच्या त्या जुन्या पाहणीत फेरविचार रोज चालला होता. म्हणून कामाला दिवसच उरला नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हे सर्व दूरचे वाटू नये. प्रबंध हाही एक दीर्घोद्योगच होय, आणि त्यात प्रमुख व साहाय्यक हे दोघेही आपणच असतो. प्रबंध अडतो तो बहुधा वाचनाच्या अभावी अडत नाही. गेल्या महिन्यात हाती आलेल्या एका उत्तम ग्रंथामुळे विषयाची सीमा थोडी सरकते, पुढच्या महिन्यात आणखी थोडी सरकते, आणि तीन वर्षांनी पहिले प्रकरण पुन्हा लिहावे लागते. अशा वेळी त्या ग्रंथासाठी एक शोधपत्र जोडावे, शंकास्थळाखाली नागमोडी रेघ ओढावी, आणि पुढच्या परिच्छेदाकडे जावे.

आपल्या विभागात नव्या बोलीपाहणीचा विचार सध्या चालू आहे. प्रश्नावली दोनशे शब्दांची असावी की तीनशे, याविषयी मतभेद आहेत, आणि दोन्ही बाजूंना आधार आहे. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे एवढेच की, जी संख्या ठरेल ती पहिल्या गावी जाण्यापूर्वी ठरावी, छापली जावी, आणि शेवटचे गाव होईपर्यंत तीच राहावी. वाटेत सुचेल ते सर्व शेजारच्या रकान्यात लिहून ठेवावे. बोलणाऱ्यांचे वय आपल्या चर्चेसाठी थांबत नाही.